पेक्षासरांची अर्पणपत्रिका

पेक्षासरांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं तो ढ नव्हता एवढं नक्की. खुद्द सरांना हे पटणार नाही. त्यांच्या मते त्यांच्या हाताखालून गेलेलं एकूण एक कार्टं ढ होतं. काही जरा कमी, काही जरा जास्त. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी जगाची रीत. सरांच्या हिशेबात दोन्ही कार्टीच.

शाळेत गणित शिकवायचे. शिकवायचे म्हणजे फळ्याकडे तोंड करून एकदा सांगायचे आणि वर्गाकडे तोंड करून अपमान करायचे. “मी एकदाच सांगतो” हे त्यांचं ब्रीद. कुणी हात वर केला की खडू डब्यात टाकायचा, हात झटकायचे आणि “पालथ्या घड्यावर पाणी” म्हणून पुढचं गणित घ्यायचं. आणि सदा न कदा तुलना. हा त्याच्यापेक्षा बरा, ती हिच्यापेक्षा मंद, यंदाचा वर्ग गेल्या वर्षीच्या वर्गापेक्षा गाळ. शेजारचे आजोबा गेले तेव्हा सांत्वनाला म्हणून गेले आणि त्यांच्या दोन्ही मुलांसमोर म्हणाले, “गेले ते राहिलेल्यांपेक्षा बरे होते.” निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असताना म्हणाले, “माझ्या जागी येणारा माझ्यापेक्षा कमी असणार, याची शाळेने मनाची तयारी ठेवावी.” येणारा पहिल्याच रांगेत बसला होता. टाळ्या वाजवायच्या की नाही ते त्याला कळेना, म्हणून त्याने एका हाताने दुसरा हात चोळला.

निवृत्त झाल्यावर अपमान करायला वर्ग उरला नाही. घरात बायको तेवढी होती, पण तिच्यावर आता कशाचाच परिणाम होत नसे. अशा माणसाच्या हातात फोन द्यावा का? मेव्हण्याने दिला. वाढदिवसाची भेट म्हणून दिला, आणि वर घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये सरांना घालूनही घेतलं. त्याची फळं त्याने लवकरच भोगली.

फोनच्या की-बोर्डवर अक्षरांच्या मागे आकडे, आकड्यांच्या मागे आणखी एक पान, आणि त्या पानात कोपऱ्यात ते चिन्ह. शाळेत पोरांना शिकवतात तेच, तोंड मोठ्याकडे, टोक लहानाकडे. सरांना ते सापडलं त्या दिवशी ते दोनदा चहा प्यायले. आयुष्यभर वाक्यंच्या वाक्यं खर्च करून जे सांगावं लागत होतं ते आता एका बोटाचं काम झालं होतं. पहिला निरोप त्यांनी खुर्चीतून उठण्याचेही कष्ट न घेता स्वयंपाकघरात पाठवला: “आजचा चहा < कालचा चहा”. बायकोने ओल्या हाताने फोन उचलून वाचला आणि तिथूनच ओरडून विचारलं, “साखर संपलीय, आणा, असं लिहायचं काही चिन्ह आहे का हो त्यात?”

मग सरांना धरबंध राहिला नाही. भाचीच्या लग्नाचे फोटो आले, त्याखाली “जेवण < गर्दी”. पुतण्याने नवी गाडी घेतली, त्याखाली “अक्कल < हप्ते”. मेव्हणा बिचारा रोज सकाळी फुलांचं चित्र आणि एक सुविचार टाकायचा. त्याच्याखाली सर रोज न चुकता लिहायचे, “विचार < फुलं”. शेवटी मेव्हणा ग्रुपमधून बाहेर पडला. सरांनी लिहिलं, “ग्रुप < ग्रुप − मेव्हणा”, आणि कुणाला कळलं नसेल म्हणून खाली खुलासा केला, की ज्याला वजा केल्यावर उरलेलं वाढतं ती संख्या ऋण असते. हा खुलासा मेव्हण्याच्या बायकोनेही वाचला, कारण ती अजून ग्रुपमध्ये होती.

उलट्या तोंडाचं चिन्हही शेजारीच होतं, पण सरांनी त्याला कधी बोट लावलं नाही. ते म्हणायचे, लहान आधी लिहावा, मोठा नंतर. लहानाला आधी उभं केलं की त्याला आपली जागा कळते.

आता यातली एक गोष्ट सर कुणाला सांगत नसत. त्या ग्रुपमध्ये त्यांची मुलगीही होती आणि तिने त्यांच्या एकाही निरोपाला कधी साधा अंगठाही दाखवला नव्हता. ती घरी यायची, पण सर फिरायला बाहेर पडल्यावर. आईशी बोलायची, औषधं बघायची, आणि सरांची पावलं जिन्यावर वाजायच्या आत निघून जायची. समोरासमोर गाठ पडलीच तर “सर” म्हणायची. बापाला सर! घरात, जेवणाच्या टेबलावर, आजारपणात, स्वतःच्या लग्नातसुद्धा.

हे सरांनीच पेरलेलं होतं. ती त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती. एकदा सर असमानता, म्हणजे लहान-मोठ्याची गणितं, शिकवत होते. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं की चिन्ह फिरतं, असं सांगून सर पुढे निघाले होते. मुलीने हात वर केला. वर्गात बाबा म्हणायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून ती म्हणाली, “सर, कळलं नाही. परत सांगा.” दुसरं कुणी असतं तर पालथ्या घड्यावर भागलं असतं. पण स्वतःची मुलगी उभी राहून न कळल्याचं कबूल करते म्हणजे सरांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. “मी एकदाच सांगतो,” सर म्हणाले. “घरात ढ ती वर्गातही ढ.” आणि फळ्यावर तिचं नाव, मग ते चिन्ह, मग ‘वर्ग’ असं लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. वर्ग खदाखदा हसला. पोरं अशा वेळी हसतातच. पोरांना दुसऱ्याचा ढपणा फार आवडतो. शाळा सुटेपर्यंत तिचं नाव “सरांची ढ” पडलं आणि शाळा संपेपर्यंत ते तसंच राहिलं. त्या संध्याकाळी घरी येऊन ती सरांना सर म्हणाली. बायकोला वाटलं, चार दिवसांचं आहे.

पुढे मुलीने गणित सोडलं, डोळे तपासायचं शिक्षण घेतलं आणि दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान टाकलं. उणे अर्धा, उणे दोन, अधिक सव्वा, असं दिवसभर ऋण-धन तिच्या तोंडात. सरांनी उद्घाटनाला जाऊन आल्यावर बायकोला निरोप टाकला, “दुकान < जाहिरात.” बायको त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. सरांना ते कळायलाच उशीर झाला, कारण तेच बोलत होते.

सरांचा स्वतःचा चष्मा निवृत्तीच्या आधीचा. एका बाजूची दांडी दोऱ्याने बांधलेली, काचा चरे पडून धुरकट, आणि नंबर केव्हाच बदललेला. पेपर वाचताना हात पुरेनासा झाला होता. दुसऱ्या दुकानात जायला लाज वाटायची आणि मुलीच्या दुकानात जायचं तर गिऱ्हाईक म्हणून समोर बसावं लागणार, ती विचारणार, आणि यांना “दिसत नाही” म्हणावं लागणार. “पोरीचं दुकान दोन गल्ल्यांवर,” बायको म्हणायची, “आणि बाप घरात आंधळी कोशिंबीर खेळतोय.” सर म्हणायचे, “मला जेवढं दिसतं तेवढं तुम्हाला सगळ्यांना मिळून दिसत नाही.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभाला आपण जळतोय हेच मान्य नव्हतं.

एका संध्याकाळी फिरून येताना सर त्या दुकानाशी थांबले. पाटीवर शुद्धलेखनाची चूक काढावी असा हेतू होता. दार उघडं होतं. आत एक म्हातारा शिंपी बसला होता आणि मुलगी त्याला दोन चष्मे दाखवून सांगत होती, हा सुई ओवायला, हा रस्त्यावर. शिंपी मान हलवायचा आणि लगेच उलटं बोलायचा. “परत सांगते काका,” ती म्हणायची, आणि परत सांगायची. पुन्हा उलटं. “काही हरकत नाही, परत सांगते.” बाहेर उभ्या सरांच्या ओठांवर ‘ढ’ आलेला होता, तो शिंप्यासाठी. पण ती परत सांगत होती, आणि परत, आणि तिच्या आवाजाला एकदाही धार चढली नाही. शेवटी शिंप्याला समजलं आणि तो लहान मुलासारखा खूश झाला. सर पाटी न वाचताच घरी आले. त्या रात्री ते बायकोला चहाबद्दल काही बोलले नाहीत. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाला एक माप चुकल्याचं समजलं होतं.

आता साध्या माणसाने काय केलं असतं? उठला असता, दोन गल्ल्या चालला असता, म्हणाला असता, पोरी, चुकलं माझं. पण सर साधे कुठले? त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर पुस्तक लिहायला घेतलं. “असमानता”, विद्यार्थ्यांसाठी. बायकोला वाटलं, नवं खूळ. पण सरांनी पहिलं पान आधी लिहिलं आणि बाकी सगळं पुस्तक त्या पानाला टेकू म्हणून लिहिलं. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती, एका ओळीची:

बाप < मुलगी

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी चिन्हाच्या टोकाच्या बाजूला स्वतःला उभं केलं होतं. लिहून झाल्यावर ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले आणि बायको आली तसा त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला. तोंडाने म्हणायला जे जमत नव्हतं ते छापून तिच्या हातात द्यायचं, की झालं, असा सगळा बेत. माफी मागायलासुद्धा या माणसाला दोनशे पानं आणि एक प्रकाशक लागत होता.

टाइप करायला कुणाला दिलं नाही. टाइप करणारे सगळे ढ. शाळेच्या ऑफिसात शिकलेला तोच जुना मराठी फॉन्ट, तीच बोटं. या जुन्या फॉन्टची एक गंमत होती. आपल्या अक्षरांना की-बोर्डवर जागा पुरत नाही, म्हणून ज्याने तो फॉन्ट केला त्याने मिळेल त्या बटणावर मिळेल ते अक्षर कोंबलेलं. अधिक, वजा, बरोबर ही चिन्हं आपापल्या जागी होती. पण जिथे ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह, तिथे त्याने बसवला होता ढ. त्यामुळे सरांना प्रत्येक चिन्हाच्या वेळी माउस धरून इंग्रजी फॉन्ट घ्यायचा, चिन्ह टाकायचं आणि परत मराठीत यायचं, अशी कसरत करावी लागे. ती त्यांनी पुस्तकभर केली, कुरकुरत केली, पण केली. संख्यांना नावं म्हणून क आणि ख वापरले. इंग्रजी अक्षरांचं उष्टं त्यांना चालत नसे.

प्रकाशक म्हणजे परीक्षेची गाईडं काढणारा एक माणूस. स्वतः काढलेलं एकही पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं आणि त्याची तब्येत उत्तम होती. त्याने फाइल उघडून बघितली आणि म्हणाला, “सर, मॅटर एका फॉन्टमध्ये करून द्या हो. मधेमधे वेगळं काहीतरी दिसतंय.”

झालं. गाईडवाला आपल्याला शिकवतो! सर घरी आले, फाइल उघडली, सगळा मजकूर एका झटक्यात निवडला आणि वरून जुना मराठी फॉन्ट लावून टाकला. एकसारखं हवं ना? घ्या एकसारखं. पुस्तकातलं प्रत्येक चिन्ह त्या क्षणी ढ झालं. पडद्यावर ते दिसत होतं. दिसायला डोळे हवेत. सरांना त्या चष्म्यातून सगळी ओळ मुंग्यांसारखी दिसायची आणि एक मुंगी दुसरीपेक्षा काय वेगळी? शिवाय आपण लिहिलेलं आपणच तपासायचं, हा त्यांना स्वतःवरचा अविश्वास वाटायचा.

प्रेसमध्ये पानं लावायला एक बाई होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, गाईडं, जे येईल ते लावायची. गणिताशी तिचं देणंघेणं नव्हतं आणि लेखकांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. पण “क ढ ख असल्यास सिद्ध करा” असं पानोपानी दिसायला लागल्यावर तिलाही राहवलं नाही. तिने सरांना फोनवर निरोप टाकला: “सर पुस्तकात सगळीकडे ढ आलेत. काय करू?”

सरांनी फोन लांब धरून वाचला आणि त्यांना बाईबद्दल चक्क आदर वाटला. एवढीशी प्रेसमधली बाई, पण जगाचं निदान अचूक केलंय! पुस्तकातल्या उदाहरणांत त्यांनी अमका विद्यार्थी, तमका विद्यार्थी अशी मंद पोरं भरपूर घातली होती, त्यांच्याबद्दलच ती म्हणत असणार. त्यांनी उत्तर लिहिलं: “ढ सगळीकडेच असतात. त्यांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. आहेत तसे राहू द्या.”

बाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि प्रेसमध्ये सगळे हसले. तरी तिने आणखी एकदा विचारलं, कारण पहिलं पान जरा जास्तच विचित्र वाटत होतं: “अर्पणपत्रिकेतला ढ तरी काढू का? मुलीच्या आधी आहे तो.”

हे वाचून सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ती जुनी गोष्ट प्रेसपर्यंत पोचलेली! शाळेतलं कुणीतरी कार्टं तिथे असणार. आणि ही कोण कुठली बाई, माझ्या मुलीला ढ म्हणणार? “माझ्या मुलीला ढ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?” त्यांनी लिहिलं. “अर्पणपत्रिकेतला काना-मात्रा हलवायचा नाही. आहे तशी छापा.”

मुलीच्या बाजूने सर उभ्या आयुष्यात एकदाच भांडले, ते असे. बाईने फोन गाईडवाल्यासमोर धरला. “म्हाताऱ्याने लिहून दिलंय,” ती म्हणाली. “मला काय!” गाईडवाल्यालाही काय! पुस्तक छापून झालं.

पहिली प्रत सरांनी प्रेसमधूनच घेतली, कागदात गुंडाळून, आणि घरी न जाता सरळ दोन गल्ल्या पलीकडे निघाले. उघडून बघितली नाही. रस्ताभर एकच विचार, ती पान उघडेल, वाचेल, आणि मग आपल्याला काही बोलावं लागणार नाही. मग ती बाबा म्हणेल. एवढं जरी झालं तरी दोनशे पानांचं सार्थक झालं.

दुकानात तोच शिंपी होता, चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आलेला. बाकावर एक बाई मांडीवरच्या पोराला गप्प बसवत होती.

“या सर,” मुलगी म्हणाली. “बसा. आईला बरं आहे ना?”

“आहे,” सर म्हणाले आणि पुडकं काउंटरवर ठेवलं. “बघ.”

तिने दांडीचा स्क्रू बाजूला ठेवून कागद सोडला. मुखपृष्ठ बघितलं, त्यावरचं बापाचं नाव बघितलं, पान उलटलं. सर तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, पण त्या काचांतून त्यांना चेहऱ्यावरचं काही नीट दिसेना. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग पुस्तक मिटलं आणि पुन्हा कागदात ठेवलं.

“यासाठी पुस्तक काढायची काय गरज होती, सर?” ती शांतपणे म्हणाली. “वर्गात सांगितलं होतंत तेव्हाच कळलं होतं मला. ढ असले तरी तेवढं लक्षात राहतं.”

“म्हणजे?” सर म्हणाले. “वाचलंस का नीट?”

तिने पुस्तक पुन्हा उघडून मोठ्याने वाचलं, “बाप ढ मुलगी.”

बाकावरची बाई पोराला विसरून इकडे बघायला लागली. शिंपी पुढे सरकला, पान स्वतःच्या डोळ्यांजवळ घेतलं आणि धंद्यातल्या माणसाच्या गांभीर्याने म्हणाला, “ताई, हा मधला ढ कुणाच्या बाजूला शिवायचा? बापाच्या का मुलीच्या?”

“कसला ढ?” सर ओरडले. “काय वाचताय तुम्ही? इकडे आण!” त्यांनी पान नाकाशी धरलं, मग हात लांब केला, मग उजेडाकडे फिरवलं. मुंग्या. मुलगी बघत राहिली. मग तिने काही न विचारता तपासणीची ती गोल, जड चौकट काढली, त्यांचा दोऱ्याने बांधलेला चष्मा उतरवला आणि चौकट त्यांच्या नाकावर ठेवली. एक काच घातली, दुसरी घातली, पहिली बदलली.

“आता वाचा,” ती म्हणाली, जसं ती दिवसभर सगळ्यांना म्हणते तसं.

सरांना खूप दिवसांनी अक्षरं दिसली. काळीभोर, कोरीव, एकेक सुटी. “बाप,” त्यांनी वाचलं. मग थांबले. “ढ,” त्यांनी वाचलं. पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही.

“छापणारे ढ!” ते एकदम उसळले. “नालायक! मी त्या बाईला स्पष्ट लिहिलं होतं. थांब, दाखवतो तुला, काय लिहिलं होतं ते दाखवतो.” आणि त्यांनी खिशातून फोन काढला. आता सगळं दिसत होतं, तेव्हा तेही दिसलं. ढ सगळीकडेच असतात. आहेत तसे राहू द्या. काना-मात्रा हलवायचा नाही. आहे तशी छापा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण चोराने आपल्याच हाताने जबाब लिहून, खाली सही करून ठेवल्यावर बोंबलायचं तरी कुणाच्या नावाने? सरांनी पान पान चाळलं. क ढ ख. ख ढ ग. क ढ ग. सगळं पुस्तकभर एकच अक्षर त्यांच्याकडे बघत होतं, आणि मोजायला गेलं तर ते त्यांनी आयुष्यभर लोकांना जेवढं बहाल केलं त्यापेक्षा जास्त नव्हतं.

“इथे ढ नव्हता,” ते शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. “चिन्ह होतं.”

“कुठलं?”

“पेक्षा लहान.”

“मग तेच झालं की,” मुलगी म्हणाली आणि शिंप्याच्या चष्म्याचा स्क्रू पिळायला लागली. “ढ काय आणि लहान काय. तुमच्याकडे दोन्हीला मार्क सारखेच.”

सरांनी हात वर केला. वर्गात कुणी हात वर केला की खडू डब्यात टाकणाऱ्या त्या माणसाने दोन बोटं उघडून हवेत ते चिन्ह धरलं. टोक स्वतःकडे. तोंड काउंटरच्या पलीकडे. त्या चौकटीतून त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत होते आणि त्यात पाणी होतं, की ते काचेचं होतं, देव जाणे.

“तोंड तुझ्याकडे होतं,” ते काउंटरकडे बघत पुटपुटले. “बाप लहान.”

शिंप्याने ऐकलं. बाकावरच्या बाईनेही ऐकलं. मुलीने ऐकलं नसेल हे शक्यच नाही. ती सगळ्यांत जवळ होती. स्क्रू पिळणारा तिचा हात थांबला. मग तिने मान वर केली आणि ज्या आवाजात एकदा, त्या वर्गात, उभं राहून म्हटलं होतं, हुबेहूब त्याच आवाजात म्हणाली,

“सर, कळलं नाही. परत सांगा.”

“मी एक…” सर म्हणाले. जित्याची खोड. अर्धा शब्द बाहेर आलाच होता. तो त्यांनी गिळला, घसरणारी चौकट दोन्ही हातांनी सरळ धरली आणि काउंटरवरची नजर उचलून मुलीकडे बघितलं.

“मी तुझ्यापेक्षा लहान आहे,” त्यांनी परत सांगितलं.